उमेदवारी ते मुलाखत : वाशिमच्या नोकरदार इंग्रजीचा इतिहास

वाशिम भागात नोकरीसाठी इंग्रजी लागू लागले त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. ते समोरच्या माणसाला बोलून दाखवावे लागू लागले, त्याला मात्र त्याच्या जेमतेम निम्मी वर्षे झाली आहेत. आधीच्या काळात इंग्रजी हे हाताचे काम होते: वळणदार अक्षर, बिनचूक अर्ज, स्वच्छ नक्कल. जिभेचे काम ते पुढे झाले. तयारीची साधने मात्र फार काळ हाताचीच राहिली. मुलगा वहीत तयार होई आणि परीक्षा कानाने घेतली जाई. या भागातील नोकरीच्या तयारीचा इतिहास बऱ्याच अंशी या विसंगतीचा इतिहास आहे.

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिले. इंग्रजी दप्तरात वाशिमचे नाव ‘बासिम’ असे पडले आणि बासिम हा 1905 पर्यंत स्वतंत्र जिल्हा राहिला. पुसदही तेव्हा त्यातच होते. पुढे जिल्हा मोडून वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले गेले. नव्या कारभाराची भाषा दुमजली होती. पाटील, पटवारी, तहसील, खालची न्यायालये या तळमजल्यावर मराठी चाले. डेप्युटी कमिशनर आणि त्याच्यावरच्या माळ्यावर इंग्रजी. दोन मजल्यांमधला जिना चढायचा तर इंग्रजी लिहिता यायला हवे होते. पैनगंगेच्या पलीकडे, आजच्या हिंगोली जिल्ह्यात, निजामाचा अंमल तसाच चालू राहिला. तिथे 1880 च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेवले गेले. बोली जवळपास एकच, सोयरिकी एकमेकांत, पण नदीच्या उत्तरेकडचा मुलगा सरकारी नोकरीसाठी इंग्रजी गिरवी आणि दक्षिणेकडचा उर्दू. भाषा नोकरीसाठी शिकायची असते, ती नोकरी देणारा ठरवतो, हे पैनगंगेच्या दोन काठांवर इतके उघड दिसे की ते कोणी वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

त्या काळात मुलाखत नव्हती, उमेदवारी होती. आज उमेदवार म्हणजे निवडणुकीला किंवा परीक्षेला बसलेला माणूस. मूळ फारसी अर्थ आस धरून असलेला. कचेरीतला उमेदवार खरोखर तसाच असे. ओळखीच्या कारकुनाच्या आधाराने तो कचेरीत येऊन बसे, बिनपगारी नकला करी, दप्तर लावी, पाणी पाजी आणि जागा रिकामी होण्याची वाट पाही. ही वाट महिन्यांची असे, कधी वर्षांची. जागा निघाली की साहेबापुढे त्याचे नाव जाई. साहेब त्याला विचारणार काय? त्याचे अक्षर सहा महिन्यांपासून साहेबाच्याच टेबलावर येत असे. आजच्या भाषेत सांगायचे तर मुलाखत रोज चालू होती, फक्त तीत बोलायचे नव्हते. वशिला हा या व्यवस्थेतला बिघाड नव्हता, तो तिचा पायाच होता. कारण ओळखीशिवाय कचेरीच्या ओसरीवर बसायलाही मिळत नसे.

बाहेरून अर्ज करणाऱ्याला मात्र कागदावरच सगळे सिद्ध करावे लागे. 1844 मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंगने इंग्रजी शिक्षण घेतलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचा ठराव केला, तेव्हापासून इंग्रजी अर्ज हा एक स्वतंत्र लेखनप्रकारच झाला. नम्रतेची ठरावीक वाक्ये, आपल्या गरिबीचा उल्लेख, कुटुंबातील माणसांची संख्या, ‘आय बेग टू स्टेट’ अशी सुरुवात आणि ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ असा शेवट. अर्जाबरोबर शिफारसपत्रांच्या नकला जोडायच्या. या अर्जांचे नमुने हातोहात फिरत, त्यांत फक्त नाव आणि गाव बदलले जाई. आजही वाशिम परिसरातील महाविद्यालयीन मुलांच्या अर्जांत ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘आय बेग’ दिसतात, त्यांचे कूळ इथपर्यंत जाते. एकदा बसलेली लेखनाची घडी शतक उलटले तरी मोडत नाही.

इंग्रजी शिकायचे कुठे, हा प्रश्न मोठा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडची सरकारी हायस्कुले अकोला आणि अमरावतीला होती. वाशिमहून अकोला सुमारे 80 किलोमीटर. त्या काळी बैलगाडीचा प्रवास. त्यामुळे गावातली बहुतेक मुले ‘व्हर्नाक्युलर फायनल’पाशी थांबत. मराठीतून दिलेल्या या परीक्षेवर शाळामास्तराची किंवा पटवाऱ्याची नोकरी मिळे. ज्याच्या घरी ऐपत असे किंवा अकोल्याला नातेवाईक असे, तोच इंग्रजी शाळेत जाई. महाविद्यालयासाठी तर सुरुवातीला मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले ते यामुळेच. 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले, त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले, आणि 1932 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढून शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळांचे जाळे विणायला घेतले. कुणब्याच्या आणि माळ्याच्या घरात इंग्रजी वाचणारा पहिला मुलगा बहुधा या शाळांमधून निघाला.

सरकारी नोकरीबरोबर कापसाची नोकरीही होती. 1867 मध्ये भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीशी जोडला गेला. कारंजा ही मोठी कापूसपेठ होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळकडे निघालेली नॅरोगेज गाडी, जिला लोक पुढे ‘शकुंतला’ म्हणू लागले, ती कारंज्यावरूनच जाई. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत तारा वाचणारा, बिल्ट्या भरणारा, मुंबईच्या पेढीला इंग्रजीत दोन ओळी लिहिणारा माणूस लागे. त्याची परीक्षा सोपी होती. शेटजी त्याला एक तार वाचायला देत आणि तिचा अर्थ विचारत. अर्थ बरोबर निघाला की नोकरी पक्की. व्याकरणाशी शेटजींना देणेघेणे नसे. खरे तर इंग्रजीची इतकी प्रामाणिक परीक्षा त्यानंतर क्वचितच झाली असेल.

शाळेतली परीक्षा याच्या उलट टोकाची होती. दोन-तीन पिढ्यांची मराठी माणसे इंग्रजी शिकली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. आधी शब्द पाठ करायचे, मग नियम, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचे मराठी. पद्धत कडक होती आणि तिचे फळही कडक होते: तर्खडकर पुरा केलेला माणूस चुकीचे वाक्य लिहीत नसे. पण बोलताना तो आधी मनात मराठी वाक्य जुळवी, कर्ता उचलून पुढे ठेवी, शेवटी बसलेले क्रियापद उपसून मधे आणी, काळ तपासी, मग तोंड उघडी. तोवर समोरच्याचा दुसरा प्रश्न आलेला असे. तर्खडकरांच्या जोडीला पुढे ‘रेन अँड मार्टिन’चे इंग्रजी व्याकरण आले. यातले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच फॉरेन लिजनवरची गाजलेली साहसकथाही त्यांचीच. हे व्याकरण घोकणाऱ्या वऱ्हाडी मुलांना लेखकाच्या या दुसऱ्या उद्योगाचा पत्ता नसे. असता तर कदाचित पुस्तक थोडे हलके वाटले असते.

मुलाखत ही संस्था म्हणून आली ती लोकसेवा आयोगांबरोबर. केंद्रातील आयोग 1 ऑक्टोबर 1926 रोजी स्थापन झाला. 1937 च्या सुमारास मध्य प्रांत व वऱ्हाडाला बिहार आणि ओरिसाबरोबर एक सामाईक आयोग मिळाला. दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची गरज वाढल्यावर 1943 मध्ये सैन्याची निवड मंडळेही भारतात सुरू झाली. या सगळ्यांत टेबलापलीकडे तीन-चार माणसे आणि अलीकडे एक उमेदवार अशी मांडणी आली आणि ‘मुलाखत’ या शब्दाला नवा अर्थ चिकटला. पेशवाईत मुलाखत दोन सरदारांची होई, नजर-नजराणा घेऊन. आता एका बाजूला सरदार आणि दुसऱ्या बाजूला उमेदवार राहिला. बोलायची भाषा अर्थातच इंग्रजी होती. ती ज्यांच्या घरात बोलली जाई अशी कुटुंबे वाशिममध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वकील, डॉक्टर, एखादा निवृत्त अधिकारी. या घरांच्या ओसरीवर मुले संध्याकाळी जाऊन बसत आणि वकीलसाहेब त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारत. वाशिमच्या मुलाखतवर्गांची सुरुवात शोधायची झाली तर ती अशा ओसऱ्यांवर सापडेल.

स्वातंत्र्यानंतर एक विचित्र उलटापालट झाली. नागपूरला राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेशात 1950 च्या कायद्याने हिंदी आणि मराठी राजभाषा झाल्या. डॉ. रघुवीर नागपुरात बसून इंग्रजी पारिभाषिक शब्दांना संस्कृत प्रतिशब्द घडवत होते. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात, आणि 1964 च्या राजभाषा कायद्याने राज्यकारभाराची मराठी पक्की झाली. म्हणजे दुमजली घराच्या वरच्या माळ्यावरही मराठी पोहोचली. याच दशकांत मराठी शाळांतले इंग्रजी मात्र पाचवीपासून किंवा त्याहूनही उशिरा सुरू होऊ लागले. राज्याच्या नोकरीसाठी ते ठीकच होते. पण रेल्वे, टपाल, आयकर, सैन्य आणि केंद्राच्या इतर नोकऱ्यांच्या दारांवर इंग्रजी तसेच उभे होते, आणि मुलाखतीला बोलावलेल्या मुलाकडे आता आजोबांपेक्षा कमी इंग्रजी होते. आजोबा अडखळत का होईना, इंग्रजी वर्तमानपत्र वाचत; नातू पाठ्यपुस्तकातले धडेच मराठी गाइडातून वाचत होता.

या पोकळीतून तयारीचा बाजार उभा राहिला. 19 जुलै 1969 रोजी 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावी, मग मोठ्या खेड्यांत शाखा निघाल्या. ‘ब्यांकेची’ नोकरी हे वऱ्हाडी मध्यमवर्गाचे नवे स्वप्न झाले. लेखी परीक्षा पर्यायांवर खूण करण्याची, त्यामुळे ती गणित-बुद्धिमापनाच्या जोरावर निघे. अडे ते पुढे, ‘कॉल’ आल्यावर. कॉल आला हा शब्दप्रयोग त्या काळात घरोघरी पोहोचला. मुलीच्या बापाने मुलाची चौकशी करताना ‘कॉल आलाय म्हणतात’ एवढे ऐकले तरी पुरे होई. कॉल आला की पंधरा-वीस दिवसांत इंग्रजी बोलायला शिकायचे. तेवढ्या दिवसांत भाषा येत नाही, उत्तरे येतात. म्हणून उत्तरे पाठ केली जात.

1976 मध्ये दिल्लीच्या पुस्तक महलने काढलेल्या ‘रॅपिडेक्स इंग्लिश स्पीकिंग कोर्स’ने नेमकी ही गरज ओळखली. मराठी आवृत्तीत एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि त्या इंग्रजीचा उच्चार देवनागरीत. दिवसाला एक धडा, साठ दिवसांचा हिशोब. 1980 च्या दशकात कपिल देव त्याच्या जाहिरातीत झळकला आणि हरयाणाच्या साध्या वळणाचा कर्णधार इंग्रजीत मुलाखती देतो हे पाहणाऱ्या वऱ्हाडी मुलांना ती जाहिरात मनापासून पटली. पण पुस्तकाची रचना नीट पाहिली तर ती तर्खडकरांचीच नात होती: मराठीकडून इंग्रजीकडे, वाक्यागणिक. फरक एवढाच, की व्याकरणाची शिस्त गेली होती आणि उच्चार देवनागरीच्या साच्यात बसला होता. ‘शिप’ आणि ‘शीप’ हे दोन शब्द देवनागरीत वेगळे लिहिले जातात, मराठी जीभ मात्र ते जवळजवळ सारखेच बोलते. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना नाही. पुस्तकात बरोबर असलेले तोंडात चुकत होते आणि ते चुकते आहे हे सांगणारे समोर कोणी नव्हते.

इतर साधने अशी होती: ‘कॉम्पिटिशन सक्सेस रिव्ह्यू’चे मागचे अंक, जे सेकंडहँड दुकानातून किलोवर मिळत, ‘एम्प्लॉयमेंट न्यूज’, रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या, आणि नागपूरचा ‘हितवाद’. हा शेवटचा सल्ला विदर्भातल्या प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला दिला आहे. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने 1911 मध्ये सुरू केलेले हे वृत्तपत्र मोठ्याने वाचावे, रोज एक अग्रलेख, आणि नवे शब्द वहीत उतरवावेत. वाशिममध्ये तो अंक दुपारी पोहोचे आणि वाचनालयात एकच प्रत असे. वहीत शब्द साठत, पण अग्रलेखातली भाषा बोलायची नसते. त्यातून ‘नॉट विथस्टँडिंग’सारखे शब्द मुलाखतीत येऊन पडत आणि समोरचे चकित होत, ते नेहमी कौतुकानेच होत असे नाही.

सैन्यातील अधिकारीपदांवर महाराष्ट्रातील मुले फार कमी जातात हे लक्षात आल्यावर राज्य सरकारने 1977 मध्ये औरंगाबादला सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट काढली. दहावीनंतर दोन वर्षे मुलाला तिथे ठेवून एनडीए आणि निवड मंडळाच्या मुलाखतीची तयारी करून घेतली जाते. तयारीचा हा प्रकार वेगळा होता, कारण तो पंधरा दिवसांचा नव्हता. दोन वर्षे मुलाला इंग्रजीत जेवण मागावे लागे, भांडावे लागे. जे या भागातील मोजक्या मुलांना मिळाले, ते बाकीच्यांना कुठलाही वर्ग देऊ शकला नाही: चुकायला पुरेसा वेळ.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत दार वेगळ्या बाजूने उघडले. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर 1979 पासून नागरी सेवा परीक्षेची उत्तरे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत लिहिण्याची मुभा मिळाली. मराठीतून परीक्षा देऊन 1990 मध्ये भूषण गगराणी भारतीय प्रशासकीय सेवेत गेले, तेव्हा जिल्हा परिषद शाळांच्या मुलांना हा रस्ता खरा वाटू लागला. मराठीतून उत्तरे लिहिणाऱ्याला मुलाखतही मराठीत देता येते. मंडळासमोर दुभाषा बसतो. तरी बरेच जण मुलाखतीपुरते इंग्रजीकडे वळत आले आहेत. दुभाष्याच्या तोंडून आपले उत्तर अर्धे होऊन पोहोचते ही भीती त्यामागे असते, आणि ती अगदीच निराधार नाही: विनोद, बोलीतला टोला, नेमका शब्द दुभाष्याच्या हातून निसटतोच. उलट मुख्य परीक्षा इंग्रजीतून लिहिणाऱ्याला मुलाखत इंग्रजीतच द्यावी लागे. याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आणि 2011 मध्ये आयोगाने ही अट सोडण्याची तयारी दाखवली. 2013 च्या मार्चमध्ये मुख्य परीक्षेत इंग्रजीचे गुण धरण्याची आणि प्रादेशिक भाषांवर बंधने घालण्याची अधिसूचना निघाली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा विरोध झाला आणि ती मागे घ्यावी लागली.

या मुलाखतीत वाशिमच्या उमेदवारापुढे आणखी एक अडचण असते, तिची नोंद कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात नाही. मंडळ त्याला त्याच्या जिल्ह्याबद्दल विचारते. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, हे तो इंग्रजीत पाठ करून आलेला असतो. बालाजी मंदिर, कारंज्याचे दत्तस्थान, बंजारा समाजाचे पोहरादेवी हेही. अडतो तो शेतीवर. सोयाबीनचा उतारा, पावसाचा खंड, दुबार पेरणी, आणेवारी, फेरफार, तुरीवरची मर: हे सगळे त्याने घरी रोज ऐकलेले असते आणि त्यावर तो वऱ्हाडीत तासभर बोलू शकतो. आणेवारीला इंग्रजीत काय म्हणायचे हे मात्र तर्खडकरांनी सांगितलेले नाही आणि रॅपिडेक्सनेही नाही. तिथे रेल्वे स्टेशनवरचे आणि चहाच्या टेबलावरचे संवाद आहेत. मग ज्या विषयात तो सगळ्यांत पुढे असायला हवा, त्यातच तो ‘क्रॉप कंडिशन व्हेरी बॅड’ एवढ्यावर थांबतो. अलीकडे जाणते मार्गदर्शक मुलांकडून पहिल्याच आठवड्यात गावच्या शेतीची इंग्रजी शब्दावली करून घेतात, ती याच अनुभवामुळे.

1983 मध्ये राज्याने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि शेगाव, बडनेरा अशी नावे वाशिमच्या घरांतून ऐकू येऊ लागली. सरकारी महाविद्यालय अमरावतीला 1964 पासून होतेच. 1991 नंतरच्या दशकात या मुलांना पुणे-मुंबईच्या संगणक कंपन्यांचे बोलावणे येऊ लागले आणि मुलाखतीची भाषा पुन्हा बदलली. आयोगाचे मंडळ ज्ञान तपासे. कंपनीचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत बोलण्याची लय तपासू लागला. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमारास पाटणी चौकापासून रिसोड-मालेगावपर्यंत ‘स्पोकन इंग्लिश’च्या पाट्या लागल्या. 2000 मध्ये शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्या वर्गांतून निघालेली मुले 2012 नंतर मुलाखतींना पोहोचली. त्यांचा शब्दसाठा मोठा होता, पण वर्गात बोलण्याची सवय नव्हतीच, कारण इंग्रजीचा तासही बहुतेक ठिकाणी मराठीतच घेतला जात होता.

स्पोकन इंग्लिशच्या वर्गांत एक वाक्य सगळ्यांत आधी शिकवले जाते आणि एक वाक्य सगळ्यांत आधी विसरायला सांगितले जाते. शिकवायचे ते ‘टेल मी अबाऊट युवरसेल्फ’चे उत्तर, विसरायचे ते ‘मायसेल्फ अमुक तमुक’. हे ‘मायसेल्फ’ कुठून आले हे कोणी नक्की सांगू शकत नाही, पण ते प्रश्नातल्या ‘युवरसेल्फ’ला दिलेले सरळ, प्रामाणिक उत्तर आहे एवढे दिसते. त्यामागोमाग ‘आय ॲम बिलाँगिंग टू वाशिम डिस्ट्रिक्ट’ येते. वऱ्हाडी माणूस ‘मी जातो’पेक्षा ‘मी जाऊन राहिलो’ म्हणतो. चालू काळ हा त्याच्या बोलीचा नैसर्गिक श्वास आहे आणि इंग्रजीत शिरतानाही तो बरोबर येतो. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही चूक नाही, ते वऱ्हाडी व्याकरण इंग्रजी शब्दांत आहे. बापाबद्दल बोलताना आदराचे अनेकवचन निसटते: ‘माय फादर, दे आर फार्मर.’ ‘तो’ म्हणणे जिभेवर येत नाही. पोहरादेवीकडच्या तांड्यांतून आलेल्या मुलाला गोरमाटी, वऱ्हाडी, शाळेतली प्रमाण मराठी असे टप्पे ओलांडून मग इंग्रजीपर्यंत यावे लागते; कारंजा किंवा मंगरूळपीरच्या उर्दू शाळेतल्या मुलीचा प्रवास तितकाच लांब. कॉल सेंटरांच्या काळात या सगळ्याला ‘एमटीआय’ असे तीन अक्षरी नाव पडले, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. पुण्यात मुलाखतीला गेलेल्या मुलाला निकालपत्रात फक्त ती तीन अक्षरे दिसत.

उच्चारापेक्षाही अवघड गोष्ट वागण्याची होती. वडीलधाऱ्यासमोर नजर खाली ठेवावी, विचारल्याशिवाय बोलू नये, स्वतःची तारीफ स्वतः करू नये, हे घरचे वळण. मुलाखतीत नेमके उलटे लागते: डोळ्याला डोळा, स्वतःहून बोलणे, ‘माय स्ट्रेंथ्स आर’ म्हणून गुणांची यादी. प्रशिक्षक ‘डोळ्यांत बघ’ म्हणतात आणि मुलगा घाबरून टक लावून पाहतो. ‘तुझी उणीव सांग’ या प्रश्नावर तर गंमतच होते. वर्गात शिकवलेले उत्तर ‘आय ॲम अ परफेक्शनिस्ट’; साधा मुलगा ते विसरतो आणि खरी उणीव सांगून मोकळा होतो. दोन बाकांवर दोन मुले समोरासमोर बसवून, एकाने अधिकारी होऊन दुसऱ्याला प्रश्न विचारायचे, ही ‘मॉक’ची पद्धत सगळ्यांत उपयोगी ठरली आहे, आणि ती वकीलसाहेबांच्या ओसरीचीच पुढची आवृत्ती आहे.

1 जानेवारी 2016 पासून केंद्र सरकारने अराजपत्रित गट ब, गट क आणि ड च्या पदांसाठी मुलाखत बंद केली. बँकांच्या लिपिकपदांचीही गेली. ज्या मुलाखतीने बँकेच्या कॉलला धाकाचे वजन दिले होते, ती त्या पदांपुरती इतिहासजमा झाली. अधिकारीपदे, आयोगाच्या परीक्षा आणि खासगी नोकऱ्या यांच्यासाठी ती उरली. जानेवारी 2018 मध्ये वाशिम हा देशातील आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांपैकी एक ठरला. इथल्या कौशल्य विकासाच्या सरकारी अभ्यासक्रमांत विक्री, आतिथ्य, रुग्णसेवा यांसोबत इंग्रजी संभाषणाचे तास आहेत. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजांतील उमेदवारांसाठी 2019 मध्ये स्थापन झालेली नागपूरची ‘महाज्योती’ ही संस्था स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण देते. पुण्याच्या मुलाखतीला वाशिमहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जायचे, पहाटे उतरून स्टँडजवळ तोंड धुवायचे, पिशवीतला इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि मूळ कागदपत्रांच्या प्लॅस्टिक फाइलीसह नऊच्या आधी गेटवर उभे राहायचे, हा क्रम 2020 पर्यंत चालला. टाळेबंदीनंतर पहिल्या फेरीच्या मुलाखती बऱ्याच कंपन्यांनी संगणकावर आणल्या. काही ठिकाणी समोर माणूसच नसतो. पडद्यावर प्रश्न उमटतो, दोन मिनिटांत उत्तर रेकॉर्ड करायचे असते. खेड्यातली मुले त्यासाठी नेटवर्क धरणारी जागा आधी शोधून ठेवतात: घराची गच्ची, नाहीतर शाळेची मागची भिंत. पहिला प्रश्न मात्र तोच असतो, आणि वर्गांत आजही सर्वाधिक वेळ त्याच्याच उत्तरावर जातो.